दवबिंदू गोठतात तेव्हा पक्षी कुठं असतात?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वर्तमानपत्रांत एक फोटो ठरलेला असतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी उभी असलेली जीप, तिच्या टपावर पांढरा थर, आणि त्या थरात बोटानं नाव कोरणारा कुणी पर्यटक. मथळाही ठरलेलाच: दवबिंदू गोठले, ‘मिनी काश्मीर’ अवतरलं. मग हॉटेलं भरतात. भल्या पहाटे लोक शाली गुंडाळून तलावाकडे धावतात, गवतावरचा बर्फ खरवडून मुलांच्या हातावर ठेवतात आणि ऊन वर आलं की भाजलेलं कणीस खात परत फिरतात. त्याच वेळी तलावापासून हाकेच्या अंतरावर, जांभळी-अंजनीच्या रानात, दहा-दहा ग्रॅम वजनाचे जीव रात्र निभावून नुकते बाहेर पडलेले असतात. तिकडे कुणी फिरकत नाही. माझ्या मते महाबळेश्वरच्या थंडीत बघण्यासारखं जे आहे ते जीपच्या टपावर नाही, या रानात आहे. पण ते नीट दिसायचं असेल तर आधी ही थंडी कशी पडते आणि पक्षी तिला कसा तोंड देतो, हे ठाऊक असलेलं बरं.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३७० मीटरवर आहे. तिथं बर्फ पडत नाही, आणि हवामान खात्याच्या आकड्यांत भर थंडीतही पारा शून्याच्या बराच वर असतो. मग तलावाकाठी दव गोठतं कसं? खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो, गवताचं नाही. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी आणि रात्र तेरा तासांची, असं सगळं जुळून आलं की गवताची पाती, जीपचा पत्रा, होडीच्या फळ्या आपली उष्णता उघड्या आभाळाकडे टाकत राहतात. गवताची पात हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज जास्त थंड होते. त्यात थंड हवा जड. ती रात्रभर उतारावरून खाली सरकत येते आणि खोलगट जागेत साचते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर नेमका असा सखल आहे. वर बाजारपेठेत नुसती बोचरी थंडी असते, तेव्हा खाली तलावाकाठी पाती पांढऱ्या पडलेल्या असतात त्या यामुळे. इथल्या स्ट्रॉबेरीवाल्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आपल्या मळ्याचा कुठला कोपरा आधी करपतो, हे त्यांना पाठ असतं.

थंडी म्हणजे उंची, असं आपण धरून चालतो, पण ते अर्धंच खरं आहे. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत दरवर्षी निफाडचं नाव असतं, आणि निफाड महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीवरही नाही. मोकळा सपाट मुलूख, कोरडी हवा, निरभ्र आभाळ, एवढ्यावर तिथले द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतात.

झाडाखाली मात्र हा प्रकार चालत नाही. डोक्यावरचा पाला जमिनीतून निघालेली उष्णता अडवतो आणि थोडी खाली परत धाडतो. महाबळेश्वरचं रान मुळात सदाहरित आहे. अंजनी, जांभूळ, पिसा ही इथली मुख्य झाडं. वाऱ्यापावसानं ती बुटकी राहिलेली, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खोडांवर शेवाळ आणि दगडफूल. खाली कारवीची दाटी. बाहेर गवत चुन्यासारखं पांढरं झालेलं असताना आत शिरावं, तर पायाखालचा पाचोळा नुसता ओलसर लागतो. गालाला झोंबणारी हवाही आत शिरल्याबरोबर थोडी सैल पडते. पक्षी रात्र काढतात ते इथं. उघड्या आभाळाखाली बसायचं नाही, वारा अंगावर घ्यायचा नाही, दाट पानांच्या पोटात शिरायचं. त्यांचे थंडीवरचे सगळे उपाय यानंतरचे. रात्रीची जागा चुकली तर पुढचं काही कामाला येत नाही.

आता चष्मेवाला घ्या. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला, पाठीवरून हिरवट-पिवळा, एवढासा पक्षी. महाबळेश्वरच्या रानात तो मुबलक आहे. त्याचं वजन दहा ग्रॅमही भरत नाही. त्याच्या शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास, आणि बाहेर पाच. म्हणजे कातडीच्या आत आणि पिसांच्या बाहेर पस्तीस अंशांचा फरक. शरीर जितकं लहान, तितकं त्याच्या वजनाच्या मानानं पृष्ठभागाचं क्षेत्र जास्त आणि उष्णता निसटायला वाट मोठी. हत्तीला थंडी सोसणं सोपं, चष्मेवाल्याला अवघड, ते एवढ्याचसाठी. लहान पक्ष्याला हवा वीस-पंचवीस अंशांच्या खाली उतरली की ऊब टिकवायला जादा इंधन जाळावं लागतं. पाच अंशांना तर त्याची भट्टी रात्रभर पेटलेलीच.

त्यातला पहिला बचाव पिसांचा. प्रत्येक पिसाच्या मुळाशी बारीक स्नायू असतात. ते आखडले की पीस उभं राहतं, पिसांच्या खाली हवेचा जाड थर अडकतो, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहजी जात नाही. पिंजून घेतलेल्या कापसाची रजई जुन्या दडपलेल्या रजईपेक्षा उबदार लागते, तसंच हे. वजन तेच, हवा जास्त. चोच पाठीच्या पिसांत खुपसली की उघडी राहिलेली आणखी एक जागा बंद होते आणि श्वासही थोड्या ऊबदार हवेतून घेता येतो.

पाय मात्र झाकता येत नाहीत. तिथं पक्ष्याची रचना मला सर्वांत चतुर वाटते. शरीरातून पायाकडे जाणारी गरम रक्ताची रोहिणी आणि पायाकडून परतणाऱ्या थंड रक्ताच्या नीला एकमेकींना चिकटून जातात. वाटेतच गरम रक्त आपली ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. बोटांपर्यंत पोचतं ते जेमतेम गोठू न देण्याइतकं कोमट रक्त. पायाच्या खालच्या भागात मांस जवळजवळ नाहीच. काड्या आणि दोऱ्या, म्हणजे हाडं आणि कंडरा. त्यांना फार ऊब लागतही नाही. याची परीक्षा पाहायची तर रानापेक्षा पाणथळ जागा बरी. निफाड तालुक्यातच नांदूर मधमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. जानेवारीत तिथं तलवार बदक, थापट्या, चक्रवाक पहाटेच्या गारठ्यात पाण्यात उभे असतात, एक पाय पोटाच्या पिसांत घेऊन. पाय दुखतो म्हणून नव्हे, उष्णता निसटण्याची एक वाट निम्मी करायची म्हणून.

एवढं करूनही ऊब पुरत नाही तेव्हा पक्षी कापतो. माणसाच्या तान्ह्या बाळात पाठ-मानेजवळ एक खास तपकिरी चरबी असते, ती न कापता नुसतीच जळून ऊब देते. पक्ष्यांना ती नाही. त्यांची शेगडी म्हणजे छातीचे उडण्याचे स्नायू. पंख खाली ओढणारा स्नायू आणि वर उचलणारा स्नायू दोन्ही एकाच वेळी ताणले जातात. पंख हलत नाही, पण स्नायू काम करतात आणि काम करताना तापतात. दुर्बिणीतून पाहिलं तरी हे कापणं सहसा दिसत नाही, इतकं ते बारीक असतं. पक्षी स्तब्ध बसलेला दिसतो आणि आत सगळी यंत्रणा धडधडत असते.

या यंत्रणेला लागतं तेल, म्हणजे चरबी. युरोप-अमेरिकेत रामगंगेच्या भाऊबंदांवर या बाबतीत भरपूर काम झालं आहे. रामगंगा म्हणजे काळ्या डोक्याचा, पांढऱ्या गालांचा, छातीवरून काळी पट्टी उतरलेला छोटा पक्षी. महाबळेश्वरच्या रानातही तो आहे. थंड प्रदेशातले हे पक्षी दिवसभर खाऊन संध्याकाळपर्यंत आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास चरबी चढवतात आणि सकाळपर्यंत ती जाळून टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. काही जाती रात्री शरीराचं तापमानच आठ-दहा अंशांनी उतरवतात, म्हणजे तेल कमी लागतं. आफ्रिकेतल्या उंच डोंगरांवरच्या काही सूर्यपक्ष्यांतही रात्री असं तापमान उतरल्याचं आढळलं आहे. आणि या कलेतला कळस म्हणजे अँडीज पर्वतातले गुंजनपक्षी. तिथल्या एका जातीच्या पक्ष्याचं शरीर रात्री जवळपास सव्वातीन अंशांपर्यंत गार झाल्याची नोंद आहे. जिवंत पक्षी, आणि अंग फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटलीइतकं थंड!

मग प्रश्न पडतो की पक्ष्यानं भरपूर चरबी साठवून का ठेवू नये? आठ दिवस पुरेल एवढी? याचं उत्तर इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलातून मिळालं. तिथं १९४७ पासून ‘ग्रेट टिट’ म्हणजे तिथल्या रामगंगेच्या पिढ्यान् पिढ्यांचा अभ्यास चालू आहे. पन्नास-साठच्या दशकांत कीटकनाशकांमुळे त्या भागातले ससाण्यासारखे शिकारी पक्षी, विशेषतः चिमण्यांवर झडप घालणारा ‘स्पॅरोहॉक’, जवळपास नाहीसे झाले. त्या काळात हिवाळ्यातल्या ग्रेट टिटचं वजन वाढलेलं आढळलं. पुढं त्या विषांवर बंधनं आली, शिकारी परतले, आणि या पक्ष्यांचं वजन पुन्हा उतरलं. जाड पक्षी हवेत वेगानं उठत नाही. थंडीला जास्त चरबी हवी, शिकाऱ्याला चुकवायला कमी हवी. या दोहोंच्या मधोमध पक्षी रोज उभा असतो. आपल्याकडे ही मधली जागा शिक्रा ठरवतो. रानाच्या कडेला तो एका फेरीत सगळ्या बुलबुलांना चिडीचूप करतो, ते पाहिलं की वायथमचा निष्कर्ष पटायला वेळ लागत नाही.

दुसरा एक उपाय असा की ज्याला आकडेमोड लागत नाही: एकमेकांना चिकटून बसणं. सातभाई रात्री फांदीवर खेटून रांगेत बसतात. दिवसभर एकमेकांशी भांडणारे हे पक्षी रात्री इतके मऊ कसे होतात याचं नवल वाटतं. घाट उतरून वाईच्या बाजूला आलात तर वेडे राघू बघा. हा पक्षी थंडीत फार उशिरा उठतो. सूर्य वर आला तरी तारेवर किंवा फांदीवर एकमेकांना बिलगून, चोची पाठीत खुपसून, ओळच्या ओळ बसलेली असते. ज्याचं खाणं उडत्या माश्या आणि मधमाश्या, त्यानं माश्या उडायच्या आधी उठून करायचं तरी काय? इंग्लंडात रेन नावाचा दहा ग्रॅमचा पक्षी आहे, एरवी अगदी एकलकोंडा आणि भांडखोर. पण १९६९ च्या हिवाळ्यात नॉरफकमध्ये घरट्यासाठी टांगलेल्या एका छोट्या लाकडी पेटीत साठाहून अधिक रेन रात्रीच्या मुक्कामाला शिरताना मोजले गेले. हेच रेन १९६२-६३ च्या भीषण हिवाळ्यात फार मोठ्या संख्येनं मेले होते.

ते का मेले, याच्याकडे मात्र नीट पाहायला हवं. जमीन आणि झाडांच्या साली आठवडेच्या आठवडे बर्फाखाली गेल्या, किडे मिळेनात, आणि दिवस होता आठ तासांचा. पोटभर खाल्लेला पक्षी थंडीनं सहसा मरत नाही, तो मरतो उपासमारीनं. थंडी फक्त उपासाची मुदत कमी करते. एकदा हे ध्यानात आलं की थंडीच्या सकाळी पक्ष्यांचं प्रत्येक वागणं उलगडायला लागतं. आपल्याकडचे हिवाळी पाहुणे कशाला येतात, हेही. हिमालयात राहून थंडी सोसता आली असती, पण खायला काय आणि खायला वेळ किती? डिसेंबरात श्रीनगरला दिवस दहा तासांहूनही कमी असतो, महाबळेश्वरला अकरा तासांचा. तास-सव्वातासाचा हा फरक आपल्याला किरकोळ वाटतो. दर मिनिटाला किडा टिपणाऱ्या पक्ष्याला तो वाटत नाही.

आता चला, रानात.

जानेवारीच्या सुरुवातीला इथं सूर्य सातच्या पुढं उगवतो. सर्वांत कडाक्याची थंडी मध्यरात्री नसते, ती नेमकी उजाडताना असते, कारण सूर्याची ऊब जमिनीला लागायला सुरुवात होईपर्यंत उष्णता निसटण्याचं काम चालूच असतं. पर्यटकांना तेव्हा बर्फ मिळतो. पक्षीनिरीक्षकाला तेव्हा फक्त आवाज मिळतात, आणि तेही गाणी नव्हेत. इथल्या रानाचा खरा गवई म्हणजे शीळकरी कस्तूर, पण त्याचे दिवस उन्हाळा-पावसाळ्याचे. थंडीत तो बहुतेक गप्प असतो, एखादी तीक्ष्ण शीळ मारून ओढ्याकडे निघून जातो. त्याचं गाणं ऐकायला डिसेंबरात येणाऱ्यांनी आपली सुट्टी पुढं ढकलावी. गाणं म्हणजे हद्द सांगणं आणि जोडीदार बोलावणं, आणि दोन्हींना जादा ताकद लागते. ती आज शिल्लक नाही. जे ऐकू येतं ते कामाचं बोलणं असतं: बुलबुलांची टकटक, चष्मेवाल्यांची बारीक किणकिण, दूर खाली खोऱ्यातून राखी रानकोंबड्याची तुटक बांग. ही बांग इतक्या लांबून इतकी स्वच्छ कशी येते? जमिनीलगत थंड आणि वर गरम अशी हवेची उलटी उतरंड या वेळी लागलेली असते. अशा हवेत आवाज वर न जाता वाकून पुन्हा खाली येतो. ऊन चढलं, हवा ढवळली, की तोच कोंबडा ऐकू येईनासा होतो.

या वेळी रानाच्या गाभ्यात शिरू नका. पूर्वेकडे तोंड असलेली रानाची कड शोधा, जिथं पहिलं ऊन पडणार आहे, आणि थोडं मागं सरून उभे राहा. ऊन आधी झाडांच्या शेंड्यांना लागतं. पहिले पक्षी तिथंच येतात. घाटाखाली हे काम हरियल करतो, आपला राज्यपक्षी. निष्पर्ण झाडाच्या अगदी टोकाला थवाच्या थवा छाती उन्हाकडे करून बसतो. वर महाबळेश्वरला हा मान शिपाई बुलबुलाचा. काळी टोकदार शेंडी, गालावर लाल ठिपका, शेपटीखाली लाल. घाणेरीच्या झुडपाच्या शेंड्यावर तो येऊन बसतो तेव्हा बुलबुल म्हणून ओळखूही येत नाही. पिसं फुगवून नुसता चेंडू झालेला असतो. शेंडी त्या चेंडूत अर्धी बुडालेली, पाय दिसतच नाहीत. पाठ उन्हाला देऊन तो हलत नाही. डोळा मात्र सारखा आभाळाकडे, शिक्र्याच्या वाटेकडे. मग काही मिनिटांनी बदल दिसायला लागतो. आधी मानेची पिसं बसतात, शेंडी उभी राहते. मग छातीचा घेर कमी होतो. एक पंख आणि त्याच बाजूचा पाय तो लांब ताणतो, मग दुसरा. शेपटी झटकतो. आता तो पोस्टरातल्यासारखा सडपातळ बुलबुल दिसतो, आणि लगेच घाणेरीची काळी फळं टिपायला लागतो. फुगलेल्या चेंडूपासून खाणाऱ्या बुलबुलापर्यंतचा हा प्रवास ज्यानं एकदा पुरता पाहिला, त्याला पक्ष्याची ऊब म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

बुलबुलाला हे परवडतं, कारण फळ पळून जात नाही. किडे खाणाऱ्यांचं तसं नाही. हवेतले किडे थंडीत उडत नाहीत, म्हणून राखी कोतवाल आणि नीलांग माशीमार सकाळी बराच वेळ नुसते बसलेले दिसतात. नीलांग हिमालयातून येतो. सगळं अंग हिरवट निळं, डोळ्यासमोर काळा डाग. तो उंच काटकीवर उघड्यावरच बसतो, त्यामुळे नवशिक्यालाही सापडतो. याउलट पानांवरचे किडे टिपणाऱ्यांना थंडी थोडी सोयीची पडते. गारठलेला किडा पानाच्या खालच्या बाजूला बधिर पडलेला असतो. तो सापडवायचा आणि उचलायचा. हिरवट पर्ण-वटवट्या हेच करतो. हिमालय आणि त्याच्याही पलीकडून आलेला हा पाहुणा रंगानं इतका सामान्य आहे की पुस्तकातल्या त्याच्या चित्राकडे बघून बहुतेक जण पान उलटतात. पण थंडीत आपल्या रानांत त्याची संख्या मोठी असते. प्रत्येक वटवट्या आपापल्या दोन-चार झाडांची हद्द राखतो आणि दिवसभर ‘चि-विट्, चि-विट्’ करून शेजाऱ्याला बजावत राहतो. पाहुणा म्हणून आला तरी जागा स्वतःच्या मालकीची लागते.

ऊन पानांत उतरलं की रानातलं सर्वांत मोठं नाट्य सुरू होतं, ते म्हणजे मिश्र थवा. बराच वेळ रान मुकं असतं. मग अचानक चहूबाजूंनी चिवचिवाट, आणि एकाच झाडावर सात-आठ जातींचे पक्षी. सलीम अलींच्या पुस्तकांत या शिकारी टोळ्यांचा उल्लेख जागोजाग येतो. महाबळेश्वरला अशा टोळीत तपकिरी गालाचे फुलवेटा, रामगंगा, चष्मेवाले, नाचण, लाल-काळे निखार, मखमली शिलिंध्री आणि एखादा छोटा सुतार असतो. सगळे किडेच खातात, पण जागा वेगळ्या. शिलिंध्री खोडावरून डोकं खाली करून उतरते, सुतार वाळक्या फांद्या ठोकतो, रामगंगा पानं उलथते, निखार शेंड्याला, फुलवेटा खाली झुडपांत. नाचण शेपटीचा पंखा उघडून मिटून किडे उठवते आणि इतरांनी उठवलेलेही पकडते. एकाचं खाणं दुसऱ्याच्या आड फारसं येत नाही, आणि पहारा मात्र सगळ्यांचा मिळून होतो. एकट्या पक्ष्याला दर थोड्या वेळानं मान वर करून शिक्रा येतोय का पाहावं लागतं. वीस जोडी डोळे असले की प्रत्येकाची मान कमी वेळा वर जाते, आणि वाचलेला तो वेळ खाण्यात जातो. भर थंडीत ही बचत लहान नसते. श्रीलंकेतल्या सिंहराजाच्या जंगलात अशा थव्यांचा बारकाईनं अभ्यास झाला आहे. तिथं भृंगराज कोतवाल राखणदार म्हणून थव्याबरोबर हिंडतो आणि इतरांचे आवाज हुबेहूब काढतो.

गंमत म्हणजे वटवट्यानं राखलेल्या हद्दीतून असा थवा चालला की तोही त्यात सामील होतो, आपली सीमा येईपर्यंत बरोबर जातो आणि मग सोडून देतो.

टोळी गेली की रान पुन्हा रिकामं. तिच्यामागं धावू नये. ती पुढं कुठल्या बाजूला निघाली एवढं पाहून वळसा घालून आधी जाऊन थांबावं. नाहीतर धायटीच्या झुडपाशी जाऊन उभं राहावं. जानेवारीत धायटीला लाल फुलं धरायला लागतात. तशीच बांडगुळांचीही नळीसारखी फुलं. तिथं छोटा शिंजीर येतो, इथल्या पक्ष्यांतला जवळपास सर्वांत हलका. मधावर जगणाऱ्याला रात्रीच्या उपासानंतर सकाळी इंधन लगेच लागतं, त्यामुळे तो फार वेळ उन्हं खात बसत नाही. झुडपाच्या उन्हातल्या बाजूची फुलं आधी, सावलीतली नंतर, असा त्याचा क्रम पुष्कळदा दिसतो. वेण्णाच्या काठावर परत आलात तर करडा धोबी असेल, पोटाखाली पिवळा, लांब शेपटी सारखी वरखाली. गवतावरचं दव वितळायला लागलं की वितळत्या कडेनं तो किडे टिपत चालतो. पर्यटकांच्या पायांपासून चार हातांवर. त्याला फोटोत कुणी घेत नाही.

सामानाचं म्हणाल तर ८×४२ ची दुर्बीण पुरते. ती रात्री गाडीत किंवा थंड खोलीत ठेवावी. गारठ्यातून गरम हॉटेलात नेली की भिंगांवर लगेच बाष्प धरतं. डोळ्याला लावताना श्वास खालच्या दिशेनं सोडावा, नाहीतर आपल्याच वाफेनं बुलबुल धूसर होतो. कपडे गडद आणि न वाजणारे. जाकिटाच्या प्लास्टिकची करकर रानकोंबड्याला तुमच्याआधी पोचते.

आणि एक गोष्ट आवर्जून. हल्ली मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलावण्याची चाल पडली आहे. फोटो हमखास मिळतो, म्हणून काही वाटाडेही ते करतात. आवाज ऐकून वटवट्या धावून येतो, कारण त्याला वाटतं हद्दीत दुसरा शिरला. तो न सापडणारा शत्रू शोधत फांद्या पालथ्या घालतो, ओरडतो, आणि तेवढा वेळ त्याचं खाणं थांबलेलं असतं. तेरा तासांच्या उपासानंतर, अंगात चिमूटभर चरबी शिल्लक असताना. एका गटानं एकदा केलं तर तो निभावून नेईल. सुट्टीच्या दिवसांत सकाळभर गटामागून गट तेच करू लागले तर नाही. तीच गोष्ट रात्री टॉर्च मारून खेटून बसलेल्या सातभाईंची रांग उठवण्याची. अंधारात उठलेल्या पक्ष्याला दुसरी उबदार जागा सापडतेच असं नाही. तेव्हा थंडीत आवाज वाजवू नका, वाटाड्यालाही वाजवू देऊ नका. उन्हाच्या कडेला अर्धा तास उभं राहिलात तर बोलवावं लागत नाही. जे दिसेल ते जात, संख्या, वेळ आणि झाड यांसह वहीत लिहा. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर पक्ष्यांची सार्वजनिक मोजणी होते, भारतातले हजारो लोक तीत भाग घेतात आणि ‘ई-बर्ड’वर फुकट नोंद करता येते. महाबळेश्वरच्या जीपच्या टपांचे फोटो भरपूर झाले. तुमच्या वहीतली यादी तिथं टाका.